बुटाच्या खोक्याचं छप्पर: 1:50 मापातल्या एका कौलारू घराची हकिगत

राजापूरकडचं आमचं आजोळचं घर उतरवायचं ठरलं, तेव्हा मामांनी एकच गोष्ट मागितली. "तू ती खेळण्यातली घरं करतोस ना, तसं हे एक करून दे. काचेच्या पेटीत ठेवीन." मी मॉडेलं करतो ती बहुतेक रेल्वेची असतात. घर त्यामानाने सोपं, असं मला वाटलं. ते वाटणं चुकीचं होतं आणि चूक कुठे होती ते कळायला चार महिने गेले. हे सगळं लिहून ठेवतोय ते त्यासाठीच.

मे महिन्यात दोन दिवस जाऊन मापं घेतली. दर्शनी लांबी 38 फूट, खोली 30 फूट, दोन्ही बाजूंना उतरतं मंगलोरी कौलांचं छप्पर. जोतं दोन फुटांचं. पुढच्या भिंतीला चुन्याचा गिलावा, बाजूच्या आणि मागच्या भिंतींना मात्र उघडा जांभा. ओटीपुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, त्याच्या कडेने गडगा, म्हणजे दगडी बांध, मधे तुळशीवृंदावन. जांभ्याचे चिरे हाताने तासलेले, त्यामुळे एकसारखे नव्हतेच, पण बहुतेक 15 इंच लांब आणि 8 इंच उंच. प्रत्येक भिंतीचा फोटो एक फुटपट्टी टेकवून काढला. ज्याला पुढे असं काही करायचं असेल त्याने ही फुटपट्टी विसरू नये. घर पाडल्यावर फोटोवरून माप काढायला दुसरा आधार राहत नाही.

प्रमाण 1:50 घेतलं. एक फूट म्हणजे 6.1 मिलिमीटर. सगळं घर 232 बाय 183 मिलिमीटरमध्ये बसतं, खळं आणि गडगा धरून दीड फुटी पाट पुरतो. मामांची अट अशी की खर्च करायचा नाही. "फेव्हिकॉल, रंग आणि ब्लेड सोडून काही विकत आणलंस तर मी घेणार नाही." यात काटकसर किती आणि गंमत किती हे त्यांनाच ठाऊक. मी मात्र अट पाळली.

आधी भिंत, कारण तिथेच फसलो

जांभा म्हटलं की डोळ्यांपुढे भोकं येतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दगड. म्हणून मी घरात भोकं असलेलं जे जे सापडलं ते जमवत सुटलो. भांडी घासायचा स्पंज, शिळा पाव, थर्माकोल, अंड्यांचा ट्रे, भाजलेल्या मातीच्या कुंडीचा तुकडा.

थर्माकोल सगळ्यात आधी बाद झाला. फ्रिजच्या जुन्या पॅकिंगमधला तुकडा घेतला होता. (महाराष्ट्रात 2018 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तेव्हा नवीन आणायचा प्रश्नच नव्हता.) त्याचा एकेक दाणा तीन-चार मिलिमीटरचा. पन्नासने गुणा: पंधरा ते वीस सेंटिमीटर. म्हणजे भिंतीत फुटबॉल चिणल्यासारखं. वर मी उरलेला स्प्रे पेंट मारला आणि पाच मिनिटांत अर्धी भिंत विरघळून खाली बसली. स्प्रेमधल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो हे मला माहीत होतं. माहीत असलेल्या गोष्टी हात चालू असताना आठवत नाहीत.

स्पंजाचं तेच. भोकं एक ते दोन मिलिमीटर, म्हणजे खऱ्या घरात पाच ते दहा सेंटिमीटर. त्यात उंदीर राहतील.

इथे थांबून मी जरा हिशेब केला, जो पहिल्या दिवशी करायला हवा होता. जांभ्याचं एक ठळक भोक सुमारे एक सेंटिमीटरचं धरलं तर 1:50 मध्ये ते 0.2 मिलिमीटर होतं. चांगल्या डोळ्याला एक मीटरवरून साधारण 0.3 मिलिमीटरपेक्षा लहान गोष्ट वेगळी दिसत नाही. म्हणजे मापात बरोबर असलेलं भोक दिसणार नाही आणि दिसेल एवढं भोक मापात बसणार नाही. याच गोष्टीला दुसऱ्या बाजूनेही भिडता येतं. पेटीतलं मॉडेल माणूस एक मीटरवरून बघतो, तेव्हा तो खऱ्या घरापासून पन्नास मीटरवर उभा असल्यासारखा असतो. पन्नास मीटर म्हणजे आमच्याकडे गडग्याच्या बाहेर, विहिरीपाशी. विहिरीवरून मागची भिंत कशी दिसायची? भोकं? छे. आडवे थर दिसायचे, थरांमधल्या काळसर रेघा, आणि चिऱ्याचिऱ्याचा वेगळा रंग. एक तांबूस, शेजारचा तपकिरी, खालचे दोन पावसाच्या शिंतोड्यांनी काळे पडलेले.

तर मला भोकं करायचीच नव्हती. मला विहिरीवरून दिसणारी भिंत करायची होती.

उघड्या भिंतींसाठी सनबोर्ड घेतला. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानाबाहेर जुन्या फलकांचे तुकडे पडलेले असतात, मागितले तर फुकट देतात. माझ्या मागच्या भिंतीच्या आतल्या बाजूला आजही कोणा दादांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आहेत. सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी, पृष्ठभाग दाबला की दबतो आणि दबलेला राहतो. त्यावर 4 मिलिमीटरवर आडव्या रेघा आणि साडेसात मिलिमीटरच्या आसपास उभे सांधे, एका थराआड एक सरकवलेले. रेघा संपलेल्या बॉलपेनने ओढल्या. ब्लेडने ओढलेली रेघ बारीक आणि धारदार येते, रंगाने भरून नाहीशी होते. बॉलपेनची गोल कडेची, उथळ रेघ जुन्या सांध्यासारखी दिसते.

एक क्रम मात्र सांभाळावा लागतो. पृष्ठभाग खडबडीत करायचा तो रेघा ओढायच्या आधी. मी पहिल्यांदा उलट केलं, रेघा मारून मग भांड्यांची तारेची घासणी दाबली, तर सांध्यांच्या कडा चेपून सगळी भिंत घासून गुळगुळीत केल्यासारखी झाली. दुसऱ्या खेपेला आधी घासणीचा गोळा अंगठ्याने सगळीकडे दाबत नेला, प्रत्येक वेळी थोडा फिरवून, म्हणजे ठसा पुन्हापुन्हा तोच उमटत नाही. मग रेघा. मग इकडेतिकडे दहाबारा चिरे बॉलपेनच्या मागच्या टोकाने किंचित आत दाबले. पुढे तेवढ्याने भिंतीला वय आलं.

जोतं आणि गडगा यांना ही युक्ती चालेना. गडगा म्हणजे चिऱ्यांचा, विनाचुन्याचा रचीव बांध. त्याची वरची कड वेडीवाकडी असते आणि त्याला जाडी असते, चित्र काढून भागत नाही. तिथे अंड्यांचा ट्रे कामाला आला. ट्रे भिजवायचा, दोन फळ्यांमध्ये ठेवून वर शब्दकोश ठेवायचा, रात्रभर तसाच. सकाळी सपाट पुठ्ठा मिळतो. त्याची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खरबरीत असते, खरबरीत बाजू वर ठेवायची. 4 मिलिमीटरच्या पट्ट्या, त्यांचे तुकडे, आणि चिमट्याने एकेक लावत जायचं. तुकडे कात्रीने कापले तर कडा फार सरळ येतात. पट्टीवर ब्लेडने अर्धवट चरा पाडून तुकडा मोडला की कड खरी तासल्यासारखी येते. गडग्याला सहाशेच्या वर तुकडे लागले. रविवार दोन, आणि मान दुखली ती वेगळी.

रंग

जांभ्याचा रंग एक नाही. 1807 मध्ये फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारातल्या या दगडाला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटराइट' हे नाव दिलं ते अशासाठी की खाणीत असताना तो विटेच्या आकारात सहज कापता येतो आणि हवा लागली की कडक होतो. कोकणातल्या कुठल्याही चिरेखाणीवर हे आजही बघायला मिळतं. कडक होता होता तो काळवंडतोही. ताजा चिरा केशरी-तांबडा, ऐंशी-नव्वद पावसाळे खाल्लेला चिरा जवळजवळ काळा. सगळी भिंत गेरूने एकसारखी रंगवली की ती काल बांधलेली वाटते.

सनबोर्डवर पोस्टर कलर थेंबाथेंबाने गोळा होतो, धरत नाही. आधी बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवला, मग पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये गेरू कालवून पहिला हात दिला. त्यावर पुढचे रंग बसले. सांध्यांत काजळी आणि पाणी सोडून वरवर फडक्याने पुसलं, खोलगट भागात काळं राहिलं. मग सुमारे दीड हजार चिऱ्यांपैकी दोनशेएक चिरे वेगवेगळ्या छटांनी हाताने रंगवले. एवढेच पुरतात, बाकीचे डोळा आपोआप वेगळे धरतो.

पिवळट डागांसाठी मी हळद वापरली. स्वयंपाकघरातली, मामांच्या अटीत बसणारी. रंग सुंदर आला आणि खिडकीपाशी ठेवलेल्या भिंतीवरून तीन आठवड्यांत उडून गेला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हळदीचं पातळ वाळत घालणाऱ्या कोणत्याही बाईने मला हे फुकट सांगितलं असतं. ते डाग मागाहून पिवळ्या पोस्टर कलरने भरले.

छप्पर

मंगलोरी कौल साधारण 16 इंच लांब आणि 9 इंच रुंद. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या लोकांनी मंगळुरात 1860 च्या दशकात हे कौल यंत्रावर करायला घेतलं आणि पुढे सगळ्या किनारपट्टीवर त्याने जुन्या नळीच्या कौलांची जागा घेतली. दोन्हींत फरक मोठा आहे. नळीचं कौल म्हणजे अर्धगोल पन्हळ. मंगलोरी कौल सपाट, त्यावर दोन उथळ पन्हळी, आणि कडेला शेजारच्या कौलात अडकायची खाच. एकावर एक चढल्यावर प्रत्येकाचा साधारण 32 बाय 21 सेंटिमीटर भाग उघडा राहतो, म्हणून एका चौरस मीटरला सुमारे पंधरा कौलं लागतात.

छपराचा हिशेब केला तर वीस-वीस ओळी, ओळीत त्रेसष्ट कौलं. म्हणजे अडीच हजार. माप पन्नास पट लहान केलं म्हणून कौलांची संख्या कमी होत नाही, ही गोष्ट मॉडेल करायला बसल्याशिवाय मनाला भिडत नाही. एकेक कौल लावणं शक्य नव्हतं. ओळीच्या ओळी करायला हव्या होत्या.

पहिला प्रयत्न: किराणा सामानाचा खोका. त्याच्या मधल्या थराला पन्हळी असतात, वरचा कागद सोलला की तयार छप्पर. सगळे हेच करतात, मीही केलं. मामांना फोटो पाठवला. उलट उत्तर आलं: "हा गोठ्याचा पत्रा झाला." बरोबर होतं. खोक्याची पन्हळ मी मोजली, दहा पन्हळी साडेसहा सेंटिमीटरमध्ये. एक पन्हळ 6.5 मिलिमीटर, म्हणजे खऱ्यात सव्वातीनशे मिलिमीटर. एवढी पन्हळ पत्र्यालाही नसते.

दुसऱ्या प्रयत्नात मी फार शहाणा झालो. खऱ्या कौलावरची एक पन्हळ सुमारे दहा सेंटिमीटरची, म्हणजे मॉडेलात 2 मिलिमीटर हवी. घरातला एक कंगवा नेमका दोन मिलिमीटरचा निघाला. पार्सलच्या जेवणाचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा धुऊन सपाट केला, कंगव्यावर ठेवून खोडरबराने दाबला, बारीक पन्हळी उमटल्या. माप अचूक. पट्ट्या कापल्या, लावल्या, रंगवल्या. आणि तीन फुटांवरून बघितलं तर छप्पर म्हणजे विटकरी रंगाचा कागद. काही दिसेना.

मग कोडं पडलं. विहिरीवरून कौलांच्या पन्हळी दिसायच्या, हे नक्की आठवतं. मग इथे का दिसत नाहीत? उत्तर उजेडात होतं. बाहेर सूर्य एका बाजूने येतो आणि दोन सेंटिमीटर उंचवट्याची सावलीही ठसठशीत पडते. घरात ट्यूबचा उजेड सगळीकडून येतो. त्यात 0.4 मिलिमीटर उंचवट्याला सावलीच नाही. मॉडेल मापात होतं, पण सूर्य मापात नव्हता.

तिसरा प्रयत्न बुटाच्या खोक्याचा. त्यातला पुठ्ठा पातळ असतो, पन्हळ सव्वातीन मिलिमीटरची, खोली मिलिमीटरभर. खऱ्या पन्हळीच्या दीडपट मोठी आणि जवळजवळ तिप्पट खोल. पण एक पन्हळ म्हणजे एक कौल असं धरलं तर उलट जरा अरुंद: त्रेसष्टच्या जागी ओळीत सुमारे ऐंशी. हे लबाडीचं गणित आहे, मान्य. तरी तिन्ही छपरांचे तळहाताएवढे तुकडे एका फळीवर लावून घरच्यांपुढे ठेवले, काही न सांगता, तर बोट बुटाच्या खोक्याकडेच गेलं.

करायची रीत अशी. ओलं फडकं खोक्याच्या एका बाजूवर पाच-सात मिनिटं ठेवायचं, मग कागद कोपऱ्यातून सोलायचा. घाई केली तर पन्हळी फाटतात, फार भिजवलं तर सपाट होतात. निम्मा माल वाया जातो, तो धरूनच चालावं. उरलेले कागदाचे पापुद्रे सुकल्यावर बोटाने चोळून काढायचे. मग पन्हळींना आडव्या 8 मिलिमीटरच्या पट्ट्या कापायच्या आणि वळचणीपासून आढ्याकडे चढवत जायचं, दर पट्टी खालच्यावर दीड मिलिमीटर. पन्हळीत पन्हळ आपोआप बसते. पट्टीची खालची कड दर पन्हळीला कात्रीच्या टोकाने किंचित चिरली की कौलं सुटी दिसू लागतात.

पट्ट्यांखाली वासे खराट्याच्या हिरांचे. हीर एक ते दीड मिलिमीटर जाडीचा, म्हणजे पाच-सात सेंटिमीटरचा वासा, आणि तासलेल्या लाकडासारखा एका टोकाला निमुळता. विकत मिळणाऱ्या कुठल्याही काडीपेक्षा चांगला. मधले दोन वासे मुद्दाम किंचित खाली बसवले, कारण आजोळचं छप्पर माजघरावर पोक काढून बसलेलं होतं. आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्याची कौलं, कागदी स्ट्रॉ मधोमध चिरून केले. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर 2022 पासून देशभर बंदी आली ती माझ्या पथ्यावरच पडली, कागदावर रंग धरतो. स्वयंपाकघरावरची दोन काचेची कौलं गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातल्या पारदर्शक प्लॅस्टिकची.

मुलांनी विचारलं, कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव असायचं ते कुठे आहे? लहानपणी अंथरुणात पडून वर बघत आम्ही ती अक्षरं वाचायचो. पाठीवर आहे असं सांगून वेळ मारून नेली.

खळं, आणि मामी

सारवणाला मी चाळलेली राख, बारीक भुसा आणि फेव्हिकॉल यांचा लगदा केला. पाटावर पसरून सपाट केला. रंग शेणाचा, हिरवट तपकिरी. मामी एकदा डोंबिवलीला आल्या होत्या, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "हे सिमेंटचं अंगण आहे. हात कुठे फिरलाय यात?" मग त्यांनीच दाखवलं. सारवताना बाई भिंतीपाशी सुरू करते आणि मागे सरकत बाहेर येते, हात डावीउजवीकडे अर्धगोल फिरतो, दर फेऱ्याची कड आधीच्या फेऱ्यावर चढते. ओल्या लगद्यावर जुन्या टूथब्रशने सेंटिमीटरभर त्रिज्येचे अर्धगोल काढले, ओटीकडून गडग्याकडे, ओळीने. ब्रशची दिशा एका ठिकाणी चुकली होती, ती मामींच्याच लक्षात आली. पूर्ण प्रतिकृतीत कमीत कमी वेळ ज्याला लागला आणि सगळ्यांत आधी ज्याच्याकडे लोकांची नजर जाते तो हा भाग.

पावसाळ्यानंतर

गडग्याचे तुकडे मी फेव्हिकॉल वाचवायला खळीने लावले होते. मैद्याची खळ, लगद्याचा पुठ्ठा आणि जुलैची हवा. श्रावणात गडग्यावर पांढरी बुरशी आली. पहिल्यांदा तर वाटलं शेवाळ छान जमलंय. पुस्तकं बांधणारे खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात ते ह्यासाठीच. मोरचूद विषारी असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात कालवू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. खराब झालेला वीतभर गडगा काढला, मोरचूद घातलेल्या खळीने पुन्हा लावला, आणि सगळ्या गडग्यावर पातळ फेव्हिकॉलचा एक हात दिला. त्यानंतर एक पावसाळा गेला आहे, बुरशी नाही.

एकूण खर्च 310 रुपये: फेव्हिकॉल, पोस्टर कलरचे चार डबे, ब्लेडची पाती. मोरचूद शेजारच्या बाइंडरने दिलं. पेटीची काच मामांनी स्वतः करवून घेतली आणि ती या सगळ्याच्या पाचपट महाग पडली.

पेटी बसवली त्या दिवशी मामा बराच वेळ मागच्या बाजूने बघत उभे होते. मग म्हणाले, "काचेची कौलं एक ओळ खाली पाहिजेत. चुलीवर उजेड पडायचा, मांडणीवर नाही." फोटो काढून बघितले, त्यांचं बरोबर होतं. माझी ओळ मोजताना चुकली होती. काच पुन्हा उघडून दोन पट्ट्या उचकटल्या आणि कौलं खाली आणली. वरच्या जागी नव्या पट्टीचा तुकडा बसवला, त्याचा रंग काही केल्या जुन्याशी जुळला नाही. तो तसाच आहे.